लिस्बनहून सकाळी निघायचं, रात्री जेवायला परत!

एक्सेल शीट उघडून सुट्टी प्लॅन करणाऱ्या जमातीतली मी. लिस्बनचे नऊ दिवस ठरले तेव्हा मी पहिल्या रात्रीच शीट बनवलं. मुक्काम एकाच ठिकाणी, बॅगा एकदाच उघडायच्या, रोज सकाळी एक ट्रेन पकडायची आणि रात्री परत. फंडा तसा एकदम बरोबर आहे. सिंत्रा, कश्काइश, सेतुबाल, सगळी लोकल ट्रेनच्या टप्प्यात. आपल्याकडे लोक विरारहून चर्चगेटला रोज जातात, त्यापेक्षा कमी वेळ लागतो. चूक एवढीच झाली, की सोबत आई होती आणि शीटमध्ये तिच्या गुडघ्यांसाठी कॉलम नव्हता.

आईचं माहेर वसई. किल्ल्यात खेळत मोठी झालेली. लिस्बन म्हटल्यावर ती एकच म्हणाली होती, ‘‘ते लोक जिथून निघाले ना, तो समुद्र मला बघायचाय.’’ मी लगेच शीटमध्ये टाकलं : ‘काबो द रोका, संध्या. ५ ते ५.३०’. युरोपच्या मुख्य भूमीचं अगदी पश्चिमेचं टोक. त्यापुढे थेट अटलांटिक. आणि त्याच दिवशी सकाळी सिंत्राचा पेना पॅलेस, दुपारी मूरांचा किल्ला, रात्री कश्काइशला जेवण. इंटरनेटवर सगळे असंच करतात, मग आपण का नाही?

तर तो दिवस कसा गेला ते आधी सांगते. रोसिओ स्टेशनातून सिंत्राला जायला साधारण चाळीस मिनिटं लागतात. स्टेशनची घोड्याच्या नालेसारखी दारं इतकी देखणी आहेत की तिथेच वीस मिनिटं फोटोत गेली. सिंत्राला उतरलो तेव्हा दहा वाजून गेले होते आणि डोंगरावर जाणाऱ्या ४३४ नंबरच्या बसला ही भली मोठी रांग. पेनाच्या आत शिरायला ठरावीक वेळेचं तिकीट असतं, आमचं साडेअकराचं. बस गेटशी पोहोचली तेव्हा पावणेबारा. गेटपासून महालापर्यंत अजून चढ. अर्ध्या चढावर आई एका दगडी कठड्यावर बसली आणि म्हणाली, ‘‘तू जाऊन ये, मी बसते इथे.’’

हे वाक्य ज्याने कधी ऐकलं नाही असं मराठी मूल नसावं. त्यात राग नसतो, तक्रार नसते, म्हणून ते जास्त लागतं. मी गेले, पिवळ्या-लाल बुरुजांचे आठ-दहा फोटो काढले. एकोणिसाव्या शतकात राजा दुसरा फर्दिनांद याने एका पडक्या मठाच्या जागी हा महाल उभारला, तो कुणीतरी परीकथा ऐकताऐकता बांधल्यासारखा आहे. आत मात्र गेलेच नाही. परत आले तर आई शेजारच्या एका पोर्तुगीज आजींबरोबर खाणाखुणांनी गुडघ्यांबद्दलच बोलत होती. किल्ला रद्द. खाली येईपर्यंत चार वाजले, आईचा पाय सुजलेला, मग काबो द रोकाही रद्द. परतीच्या ट्रेनमध्ये आम्ही दोघी खिडकीबाहेर बघत होतो, एकमेकींकडे नाही. तिने मागितलेली एकच गोष्ट मी शीटमध्ये सगळ्यात शेवटी ठेवली होती आणि तीच कापली गेली होती.

त्या रात्री शीट डिलीट केलं. (बरं, डिलीट नाही, पण बंद केलं.) नवा नियम आईने घातला : एका दिवसाला एकच गाव, आणि दोन दिवसांनी एक दिवस कुठेच नाही.

हा नियम कुणालाही लागू पडेल, गुडघे ठणठणीत असले तरी. सिंत्राला जायचंच तर साडेआठच्या आत ट्रेनमध्ये बसा, पेनाचं तिकीट आधी काढा आणि वेळ सकाळची पहिलीच घ्या. तिकिटावरची वेळ ही महालाच्या दाराशी पोहोचायची असते, बागेच्या गेटाशी नाही, हे आम्ही किंमत मोजून शिकलो. वर धुकं असतं, लिस्बनमध्ये घाम येत असला तरी जॅकेट घ्या. आणि वर गर्दी असेल तर मॉन्सेराटकडे वळा. तिथल्या महालात गॉथिक, मूरिश आणि चक्क आपल्या जाळीच्या खिडक्यांसारखं काम एकत्र आहे, आणि बागेत बसायला भरपूर जागा.

सिंत्राचं आपल्याशी आणखी एक नातं आहे, ते मला नंतर कळलं. पोर्तुगीज भारताचा कारभारी दों ज्युआंव द काश्त्रु, ज्याने १५४६मध्ये दीवचा वेढा मोडला आणि जो १५४८मध्ये गोव्यात वारला, त्याची वाडी इथे आहे, पेन्या व्हेर्द नावाची. सोमनाथ पाटणचा तेराव्या शतकातला एक संस्कृत शिलालेख या वाडीत येऊन पोहोचला. अभ्यासक त्याला ‘सिंत्रा प्रशस्ती’ म्हणतात. वाडी खासगी आहे, त्यामुळे भिंतीबाहेरूनच नमस्कार. आईला सांगितलं तर म्हणाली, ‘‘वसईच्या घंटा आपण घेऊन आलो, तो दगड ते घेऊन गेले. फिटंफाट.’’ १५३४ ते १७३९, दोनशे पाच वर्षांचा हिशेब तिने एका वाक्यात मिटवला.

तिसऱ्या दिवशी सेतुबाल. हे नाव टूरवाल्यांच्या यादीत सहसा नसतं आणि म्हणूनच जा. ट्रेन २५ एप्रिल पुलावरून तेजु नदी ओलांडते. पूल १९६६चा, वर गाड्या, आणि खालच्या मजल्यावरून १९९९पासून ट्रेन. खिडकीतून अख्खं लिस्बन एका बाजूला पसरलेलं दिसतं. तासाभरात सेतुबाल. तिथलं लिव्रामेंतो मार्केट म्हणजे निळ्या-पांढऱ्या टाइल्सच्या भिंतींमध्ये मांडलेला मासळीबाजार. आई आत शिरली आणि तिचा गुडघा बरा झाला. खरंच. दीड तास उभी होती. बांगडे, तार्ली, पापलेटाचा कुणी चुलतभाऊ, प्रत्येकाचे कल्ले उघडून बघायची तिची सवय इथेही सुटली नाही. कोळीण ओरडेल म्हणून मी घाबरले होते, तर तिने आईला स्वतःच दुसरा मासा उचलून दिला. सोमवारी बाजार बंद असतो आणि दुपारनंतर आवराआवर होते, तेव्हा सकाळीच गाठा. मग जेवायला ‘शोकु फ्रितु’, म्हणजे तळलेलं माकूल, सेतुबालची खासियत. आईने एक घास खाल्ला. ‘‘रवा नाही लावत हे, पण ठीक आहे.’’ तिच्याकडून याहून मोठं सर्टिफिकेट मिळत नाही.

भाषेची मजा वेगळीच. घरमालकीण किल्ली देताना ‘शाव’ म्हणाली, आईने लगेच ‘चावी’ म्हणून हात पुढे केला. बेकरीत ‘पांव’ मागितला की पाव मिळतो. हिरव्या सूपमधली भाजी ‘कोव्ह’, म्हणजे आपल्या कोबीचं मूळ. काउंटरवर ‘पगार’ म्हणजे पैसे देणं. ‘‘म्हणजे इथे पगार आपण द्यायचा!’’ आई खूश. नवव्या दिवसापर्यंत ती माझ्यापेक्षा जास्त पोर्तुगीज बोलत होती.

बाकीची गावं झटपट. एव्होराला बसने दीड तास. रोमन देवळाचे खांब आणि हाडांनी मढवलेलं चॅपेल बघायला लोक जातात. आईने हाडांचा फोटो बघून ‘‘नको गं बाई’’ म्हटलं, मी एकटी गेले. जुलै-ऑगस्टमध्ये जाऊ नका, आलेन्तेजुचं ऊन विदर्भाला लाजवतं. ओबिदोश तटबंदीतलं गोड गाव आहे, चॉकलेटच्या कपात चेरीची दारू मिळते, पण दोन तासांत संपतं. माफ्राच्या महालातल्या ग्रंथालयात पुस्तकं खाणारे किडे फस्त करायला वटवाघळं आहेत. हे ऐकूनच मला जायचं होतं. राहिलं. तिकिटाचं म्हणाल तर स्टेशनवर ‘नवेगांते’ कार्ड घ्या, त्यात पैसे भरा आणि मेट्रो, सिंत्रा-कश्काइशच्या लोकल, नदीपारची फेरी सगळीकडे टेकवा. दोघांत एक कार्ड चालत नाही, प्रत्येकाला वेगळं.

आणि सातव्या दिवशी काबो द रोका. यावेळी त्या दिवसात दुसरं काही ठेवलं नाही. काइश दो सोद्रेहून कश्काइशची लोकल, चाळीसेक मिनिटं, बराचसा रस्ता पाण्याच्या कडेकडेने. नदी कुठे संपली आणि समुद्र कुठे सुरू झाला ते कळत नाही. डावीकडची खिडकी पकडा. कश्काइशला निवांत जेवून बस पकडली.

टोकावर उतरलो आणि समोर धुकं. समुद्र नाहीच. दीपगृह अर्धं दिसत होतं, कामोंइशची ओळ कोरलेल्या दगडी स्तंभाशी चार माणसं थंडीने कुडकुडत फोटो काढत होती. मला रडायला यायचं बाकी होतं. आईने शाल डोक्यावरून घेतली आणि कठड्याला धरून उभी राहिली. खालून, शंभरेक मीटर खालून, लाटांचा आवाज येत होता. पाच मिनिटं, दहा मिनिटं. मी दोनदा म्हटलं, ‘‘चल, वारा लागेल.’’

‘‘थांब जरा,’’ ती म्हणाली, ‘‘बस किती वाजता आहे?’’

‘‘तासाने.’’

‘‘मग आहे वेळ.’’

बस यायच्या दहा मिनिटं आधी धुकं एका बाजूने फाटलं आणि राखाडी पाण्याचा एक तुकडा दिसला. तेवढाच. आईने फोटो काढू दिला नाही. परतीच्या बसमध्ये तिने पर्समधून बोर्डिंग पास काढला आणि त्याच्या मागे पेनने लिहिलं : ‘उद्या – फेरी, पलीकडचं गाव, मासे. निघणे ११ नंतर.’