पदवीनंतर मी केलेल्या चुका

2012 सालचा दुष्काळ ज्याने जालन्यात काढला, त्याला शहर आणि पाणी यांचं नातं वेगळं शिकवावं लागत नाही. शहर टँकरवर जगत होतं, जिल्ह्यातल्या मोसंबीच्या बागा उभ्या जळाल्या. पुढच्या वर्षी जायकवाडीचं पाणी जलवाहिनीने जालन्यात आलं. त्या दुष्काळाने मला शाश्वत नगरविकास या विषयाकडे नेलं आणि त्यात मी पदव्युत्तर पदवी घेतली. विषयाची निवड योग्यच होती, हे मी आजही म्हणते. चुका झाल्या त्या पुढे.

शिकत असताना नोकरीची एकही जाहिरात मी शेवटपर्यंत वाचली नाही. विषय शहराच्या नियोजनाचा आहे, म्हणजे सरकारच्या नगररचना विभागाचं दार आपल्यासाठी उघडं आहे, असं मी धरून चालले. सहायक नगर रचनाकाराच्या परीक्षेचा अर्ज भरायला बसले तेव्हा पात्रतेचा रकाना पहिल्यांदा नीट वाचला. स्थापत्य अभियांत्रिकी, वास्तुशास्त्र, नगर नियोजन अशा शाखांची पदवी हवी होती. माझी पदवी भूगोलाची. वरचं शिक्षण तिथे उपयोगी पडणार नव्हतं. ही माहिती सगळ्यांसाठी खुली होती आणि प्रवेश घेण्याआधी मला ती सहज मिळाली असती.

नंतर एका नगरपालिकेत घनकचऱ्याच्या कामासाठी कंत्राटी समन्वयकाची जागा मिळत होती. एवढं शिकून कचऱ्याच्या गाड्या मोजायच्या का, या विचाराने मी ती नाकारली. नगरपालिकेच्या आकृतिबंधात ‘शाश्वतता’ नावाचं पद नसतं. ते काम पाणीपुरवठा, स्वच्छता, नगररचना आणि विद्युत या विभागांत विखुरलेलं असतं, हे मला तेव्हा उमगलं नव्हतं. ज्यांनी तशा जागा घेतल्या ते प्रकल्प अहवाल लिहायला शिकले, निविदा वाचायला शिकले. मी पुण्यात बसून कंपन्यांचे अहवाल सुबक करत राहिले.

जालन्याला परतल्यावर एका गृहनिर्माण सोसायटीने पावसाचं पाणी जिरवण्याचं काम मला दिलं. पुण्यातल्या जुन्या प्रकल्पाचा आराखडा हाताशी होता. मापं बदलली, जागा ठरवली आणि पुनर्भरणाचा खड्डा खोदून घेतला. पहिल्याच मोठ्या पावसात तो काठोकाठ भरला. दुसऱ्या दिवशीही पाणी जागेवरच होतं आणि पुढच्या पावसात ते तळमजल्यावरच्या घरांत शिरलं. आपल्याकडे सगळा खडक एकसारखा नाही. मुरमाखाली कुठे मांजऱ्या लागतो, कुठे अखंड काळा पाषाण. पाणी भेगांमधून आणि सांध्यांमधून उतरतं. माझा खड्डा अखंड पाषाणावर बसला होता. सोसायटीतले एक वयस्कर गृहस्थ म्हणाले, “ताई, जुनी विहीर पलीकडच्या कोपऱ्यात आहे. पाणी तिकडंच मुरतं, हे आम्हाला ठाऊक होतं. तुम्ही विचारलंच नाही.”

त्यांच्या बोलण्यात राग नव्हता, म्हणून ते जास्त लागलं. मी माझं मानधन परत केलं, पण लोकांनी वर्गणी काढून जमवलेला खोदाईचा पैसा गेला तो गेलाच. भूवैज्ञानिकाला आणि बोअर घेणाऱ्याला सोबत नेऊन विहिरीजवळ दुसरी सोय केली, ती चालली. तरीही गावात पुढे बराच काळ मला काम मिळालं नाही. जागा पाहून पाण्याची सोय कशी करावी, याचा धडा तर डोळ्यांसमोरच होता. घाणेवाडीचा निजामकालीन तलाव अशा जागी बांधला आहे, की त्याचं पाणी उताराने आपोआप नव्या जालन्यात येतं. माझ्या प्रबंधात सिंगापूरवर एक सबंध प्रकरण होतं, घाणेवाडीवर एक ओळही नव्हती.

चौथी चूक मला सगळ्यात जड वाटते. अंबड तालुक्यातली एक मुलगी बी.एस्सी. झाल्यावर सल्ला विचारायला आली. या क्षेत्राला मागणी वाढते आहे, असं परिसंवादांतून ऐकलेलं मी तिला सांगितलं. घरची जमीन किती, फी कर्ज काढून भरणार का, हे विचारलं नाही. तिने कर्ज काढलं. पदवीनंतर कंत्राटी काम मिळालं, पण पगारातला मोठा वाटा हप्त्यात जायचा. तिने मला कधी दोष दिला नाही. तो सल्ला माझा होता आणि त्याची किंमत तिने मोजली.

आता कोणी विचारायला आलं की आम्ही दोघं आधी जाहिराती उघडून बसतो. कामं आहेत. 2023 मध्ये जालन्याची महानगरपालिका झाली, आणि महानगरपालिकेला दरवर्षी पर्यावरण स्थिती अहवाल करणं कायद्यानेच बंधनकारक आहे. भंगार वितळवून सळया करणाऱ्या आपल्या कारखान्यांना वीज वाचवून देणारी माणसं हवी असतात. मात्र ऊर्जा लेखापरीक्षकाची राष्ट्रीय परीक्षा पात्रता आणि अनुभव दोन्ही मागते. शेअर बाजारातल्या आघाडीच्या 1000 कंपन्यांना 2022-23 पासून पर्यावरण आणि सामाजिक जबाबदारीचा अहवाल सक्तीचा झाला, त्यातूनही जागा निघाल्या. पुढे शिकायचं तर ‘गेट’मध्ये 2021 पासून पर्यावरणशास्त्र आणि अभियांत्रिकीचा स्वतंत्र पेपर आहे. मुंबई आयआयटीतलं ‘सितारा’ हे केंद्र 1985 पासून ग्रामीण भागाच्या प्रश्नांवर काम करतं, तर बंगळुरूच्या इंडियन इन्स्टिट्यूट फॉर ह्यूमन सेटलमेंट्समध्ये शहरांचा अभ्यास होतो. यातल्या प्रत्येक वाटेवर नकाशाचं सॉफ्टवेअर, पाण्याचा हिशेब किंवा विजेचं मोजमाप, असं हाताला येणारं एखादं कौशल्य लागतंच.

ही पदवी घ्यायच्या विचारात असाल तर जरूर घ्या, आपल्या शहरांना तिची गरज आहे. फक्त ज्या पदावर काम करायची इच्छा आहे त्याची जाहिरात प्रवेशाआधी शेवटच्या ओळीपर्यंत वाचा, आणि ज्या गावासाठी काम करणार आहात तिथल्या विहिरी कुठे आहेत, ते गावातल्या माणसांना विचारा.