ठाणे आलं, उठा!

सॉर्टिंग हा विषय आपण इंटरव्ह्यू संपला की विसरतो. रोजच्या कामात लायब्ररीतलं एक फंक्शन कॉल केलं की झालं, आत क्विकसॉर्ट आहे की आणखी काही, कोण बघतंय? पण सॉर्टिंगवर अख्ख्या शहराची वीज अवलंबून असू शकते, हे वाचल्यापासून मला या विषयाबद्दल जरा आदर वाटायला लागलाय.

१२ ऑक्टोबर २०२० चा सोमवार आठवतोय? सकाळी दहाच्या सुमारास मुंबई-ठाण्याची वीज गेली, लोकल जागच्या जागी थांबल्या, आणि घरून काम करणाऱ्यांचे राऊटर मेले. बातम्यांत दोन नावं सारखी येत होती, कळवा आणि पडघे. मुंबईला पुरेल एवढी वीज मुंबईत तयार होत नाही. बरीचशी बाहेरून येते, आणि येते ती आपल्या अंगणातून.

यातलं पडघे तसं जुनं प्रस्थ. चंद्रपूरहून ७५२ किलोमीटर धावत येणारी ±५०० केव्हीची डीसी लाईन इथे उतरते, १९९९ पासून. तिथे थायरिस्टरच्या लांबलचक माळा आहेत. प्रत्येक मण्यावर सारखं व्होल्टेज पडावं म्हणून शेजारी रेझिस्टर आणि कपॅसिटर बसवलेले असतात. सॉफ्टवेअरला त्यात फार काही काम नाही. पण या पद्धतीची एक गोम आहे. पलीकडे एसी ग्रिड जिवंत असेल तरच ती चालते. अंधारात बुडालेल्या शहराला ती स्वतः उठवू शकत नाही.

म्हणून कुडूस ते आरे ही नवी लाईन वेगळ्या जातीची आहे. (कुडूस वाडा तालुक्यातलं. २०१४ पर्यंत ठाणे जिल्ह्यातच होतं ते, आता पालघरमध्ये.) १००० मेगावॅट, ±३२० केव्ही, साधारण ८० किलोमीटर, त्यातला मोठा भाग जमिनीखालून. मेलेल्या ग्रिडलाही उभं करू शकेल असा हा कन्व्हर्टर. त्याची मांडणी म्युनिकच्या रायनर मार्क्वार्ट यांनी २००० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत मांडली.

आत काय असतं? पेट्या. एका पेटीत एक कपॅसिटर आणि दोन ट्रान्झिस्टर. पेटी सर्किटमध्ये 'आत' घ्यायची किंवा वळसा घालून 'बाहेर' ठेवायची, एवढेच दोन पर्याय. अशा पेट्यांची रांग म्हणजे कन्व्हर्टरचा एक हात. पेटीला २ हजार व्होल्ट धरले तर ३२० हजारांसाठी १६० पेट्या लागतात (हा माझा पाठीमागच्या पानावरचा हिशोब). किती पेट्या आत हव्यात ते त्या क्षणाला लागणारं व्होल्टेज ठरवतं. पण कुठल्या?

खरी गंमत इथेच आहे. आत असलेल्या सगळ्या पेट्यांतून एकच करंट जातो. जी जास्त वेळ आत राहिली ती जास्त भरते किंवा जास्त रिकामी होते, आपोआप काही सारखं होत नाही. तसंच सोडून दिलं तर एखादी फुगत जाते आणि तिचे ट्रान्झिस्टर जळतात. उपाय शाळकरी म्हणावा इतका सोपा आहे. पेट्या व्होल्टेजप्रमाणे सॉर्ट करा. करंट भरणारा असेल तर सगळ्यात रिकाम्या आत घ्या, उपसणारा असेल तर सगळ्यात भरलेल्या. झालं!

झालं नाही अर्थात. डोंबिवलीहून फास्ट पकडणाऱ्यांना पुढचं लगेच कळेल. ग्रुपमध्ये ठाणे आलं की बसलेले उठतात, उभे असलेले बसतात. पण दिवा, मुंब्रा, कळवा अशा प्रत्येक ठिकाणी कोण किती दमलंय ते मोजून अदलाबदल करायची ठरवली, तर त्या धक्काबुक्कीतच सगळे दमतील. आपल्या कोडमध्ये स्वॅप जवळजवळ फुकट असतो. इथे प्रत्येक स्वॅप म्हणजे ट्रान्झिस्टरचं एक उघडणं-मिटणं, आणि प्रत्येक वेळी उष्णता. ती पाणी फिरवून काढावी लागते, वीज वाया जाते ती वेगळीच.

म्हणून हुशार कंट्रोलर पूर्ण सॉर्ट करतच नाहीत. सगळ्या पेट्या ठरलेल्या पट्ट्यात असतील तर कुणालाही हलवायचं नाही. एक पेटी वाढवायची असेल तेव्हा फक्त किमान किंवा कमाल शोधायची. थोडी असमानता मुद्दाम चालवून घेतात. मला तर हा भाग मूळ कल्पनेपेक्षाही सुंदर वाटतो.

एक धोका मात्र सॉर्टिंगला दिसतच नाही. प्रत्येक पेटीचं व्होल्टेज ऑप्टिकल फायबरवरून वर कळवलं जातं. समजा एका पेटीचं माप बिघडलं आणि ती भरलेली असूनही 'रिकामी आहे' असं सांगत राहिली. अल्गोरिदम इमानदारीत तिलाच पुन्हा पुन्हा भरायला घेणार. म्हणून पेटीतच वेगळं संरक्षण असतं. मर्यादा ओलांडली की तिथल्या तिथे बायपास स्विच बंद होतो आणि पेटी रांगेतून कायमची बाद. उरलेल्यांत थोड्या जास्तीच्या पेट्या आधीच ठेवलेल्या असतात, काम चालू राहतं. या स्विचला वरच्या कंट्रोलरची परवानगी लागत नाही.