मुलं चुकतात, आपणही चुकतो : बायबल वाचताना सापडलेलं काही



आजचा लेख पाठाचा नाही, माझ्याच एका चुकीचा आहे. लिहू की नको असं बरेच दिवस चाललं होतं. पण आपण मुलांना 'माझी चूक' या विषयावर निबंध लिहायला सांगतो, तर एकदा आपणही लिहावा.

मी दिंद्रुड (ता. माजलगाव) परिसरात प्राथमिक शिक्षक आहे. आमच्याकडे दिवाळीच्या आगेमागे टोळ्या निघतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाची उचल आधीच घरात खर्च झालेली असते, त्यामुळे जायचं की नाही हा प्रश्नच नसतो. कुणी कोल्हापूर-सांगलीकडे, कुणी कर्नाटकात. काही लेकरं आईबापाबरोबर कोपीवर जातात, काही आजीजवळ राहतात. माझ्या तिसरीच्या वर्गात असा आजीजवळ राहिलेला एक मुलगा होता. त्याचं नाव मी इथे लिहीत नाही.

नोव्हेंबरमध्ये वर्गातल्या एका मुलीचे पन्नास रुपये हरवले. वह्या आणायला घरून दिलेले होते. ती रडायला लागली. या मुलाने जूनमध्ये एकदा दुसऱ्याची पेन्सिल घेतली होती, तेवढं माझ्या डोक्यात होतं. मी त्याला उभं केलं, विचारलं. तो म्हणाला, "मी नाही घेतले." मी पुन्हा विचारलं. तो खाली बघत गप्प राहिला. मी त्याच्या गालावर मारली आणि सगळ्या वर्गासमोर म्हणालो, "चोर आहेस तू."

दुसऱ्या दिवशी ती नोट त्या मुलीच्याच पुस्तकाच्या कव्हरमध्ये सापडली. आणि तो मुलगा शाळेत आलाच नाही.

शिक्षण हक्क कायदा २००९, कलम १७. मुलाला मारायचं नाही आणि मानसिक त्रासही द्यायचा नाही. हे कलम मी स्वतः पालकसभेत वाचून दाखवलेलं आहे. म्हणजे माहीत नव्हतं असं नाही. राग आला तेव्हा कलम आठवलं नाही, एवढंच. त्या दिवशी सुद्धा मी मनाची समजूत घालत होतो, की एक चापट तर होती, आपण काय कमी खाल्ल्या लहानपणी?

त्याच संध्याकाळी घरी काचेचा ग्लास फुटल्याचा आवाज आला. मी आत गेलो तर माझा सहा वर्षांचा मुलगा भिंतीला टेकून उभा होता. मी काही बोलायच्या आत तो म्हणाला, "पप्पा, मी नाही." खोलीत दुसरं कुणीच नव्हतं. त्याचा चेहरा बघून मला वर्गातला तो चेहरा आठवला. एकजण खरं बोलत होता, एकजण खोटं बोलत होता, आणि दोघंही मला सारखेच घाबरलेले होते.

रात्री मी माझ्या डी.एड.च्या मित्राला फोन केला. आम्ही अंबाजोगाईला एका खोलीत राहायचो. तो जालन्याचा, ख्रिस्ती कुटुंबातला. माझं घर माळकरी. एकादशीला मी उपवास करायचो तेव्हा तोही माझ्याबरोबर भगर खायचा. त्याच्या ट्रंकेत एक बायबल असायचं. जाताना त्याने मला नव्या कराराची छोटी प्रत दिली होती. ती माझ्याकडे बारा-तेरा वर्षं कपाटात पडून होती. मी त्याला सगळं सांगितलं. तो उपदेश करील असं वाटलं होतं. तो एवढंच म्हणाला, "इफिसकरांस पत्र, सहावा अध्याय, चौथी ओवी काढ. आणि मग लूक पंधरा." (बायबलमधल्या वाक्याला तो अजून ओवीच म्हणतो. ही माझ्या घरची सवय त्याला लागली.)

इफिसकरांस पत्रातलं ते वाक्य बापांना उद्देशून आहे. मुलांनी आईबापाचं ऐकावं हे त्याच्या आधी येतंच, ते सगळ्याच धर्मात येतं. पण लगेच पुढे पौल बापांकडे वळतो आणि सांगतो की मुलांना चिडीला आणू नका, त्यांना शिस्तीत आणि शिकवणीत वाढवा. कलस्सैकरांच्या पत्रात हेच पुन्हा आहे, आणि तिथे कारणही दिलंय : नाहीतर मुलं खचून जातील. मला त्या कारणाने थांबवलं. मुलं बिघडतील असं तो म्हणत नाही, खचतील म्हणतो. ही दोन्ही पत्रं जवळजवळ दोन हजार वर्षांपूर्वीची. त्या काळात रोमी बापाचा मुलांवर केवढा अधिकार होता हे इतिहासात वाचलेलं असेल. त्या काळात बापालाच कुणीतरी 'तू जपून' असं सांगतंय.

आता कुणी म्हणेल, बायबलमध्ये छडीही आहे. आहे. नीतिसूत्रे या पुस्तकात ती एकदा नाही, अनेकदा येते. जो छडी आवरतो तो मुलाचा वैरी, अशा अर्थाचं वचन पाश्चात्त्य शाळांमध्ये मारण्याचा परवाना म्हणून पिढ्यान्पिढ्या वापरलं गेलं. माझ्या मित्राचं म्हणणं असं, की तिथे जो मूळ हिब्रू शब्द आहे, शेबेत, तोच तेविसाव्या स्तोत्रात मेंढपाळाच्या काठीसाठी आलाय, आणि तिथे त्या काठीने धीर येतो असं म्हटलंय. आपल्याकडे बालाघाटाच्या उतारावर धनगर मेंढरं घेऊन फिरतात, त्यांची काठी आपण पाहतो. ती मेंढराच्या पाठीत घालण्यापेक्षा वाट दाखवायला आणि लांडगा हाकलायला जास्त लागते. हे मला पटलं, पण पूर्ण नाही. नीतिसूत्रांच्या काळात लोक मुलांना मारत होते आणि त्या वचनांचा सरळ अर्थही तोच निघतो. जुन्या ग्रंथातलं आपल्या सोयीचं तेवढं घेऊन बाकीचं मऊ करून सांगणं मला आवडत नाही. आपल्याही ग्रंथांचं आपण तसंच करतो.

मग लूक पंधरा वाचलं. उधळ्या मुलाची गोष्ट बहुतेकांना माहीत आहे. धाकटा मुलगा वाटणी मागून घेतो, दूर जाऊन पैसा उडवतो, दुष्काळात डुकरं राखायची वेळ येते, मग घरी परततो. बाप त्याला लांबूनच ओळखतो आणि धावत जातो. मुलाने येताना माफीचं सगळं भाषण पाठ केलेलं असतं, बाप ते पुरतं ऐकूनसुद्धा घेत नाही, आधी अंगावर चांगला झगा आणायला सांगतो. आमच्या गावात धोतर नेसलेला म्हातारा माणूस रस्त्याने पळताना दिसला तर लोक काय म्हणतील याचा विचार करा. तो बाप आपली इभ्रत वाटेत टाकून पळतो.

गोष्ट सुंदर आहे. पण माझी अडचण वेगळी होती. त्या गोष्टीत बाप चुकलेला नाही. माझ्या गोष्टीत बापाच्या जागेवरचाच माणूस चुकला होता.

हे मी मित्राला म्हणालो तेव्हा तो हसला. म्हणाला, "अरे, ती येशूने सांगितलेली गोष्ट आहे. खरी घरं बघायची तर जुना करार वाच." त्याने पीडीएफ पाठवली. मी उत्पत्तीपासून सुरू केलं, आणि खरं सांगतो, मला धीर आला. एक घर सरळ नाही! आदामाला विचारलं की फळ का खाल्लंस, तर तो बायकोकडे बोट दाखवतो, बायको सापाकडे. माझ्या मुलाचं 'मी नाही' तिथपर्यंत जुनं आहे. याकोब आपल्या बारा मुलांमध्ये योसेफाचे लाड करतो, त्याला एकट्याला वेगळा झगा शिवतो, आणि बाकीचे भाऊ त्याला विकून टाकतात. एली हा याजक, म्हणजे देवळातला मोठा माणूस, पण स्वतःच्या पोरांना आवरू शकत नाही. दावीद राजा तर मुलांमधल्या भयंकर गोष्टी कळूनही वेळेवर काही करत नाही आणि शेवटी अबशालोमासाठी रडत बसतो. या लोकांना ग्रंथाने मोठं मानलंय आणि त्यांची घरं झाकलेली नाहीत. घरोघरी मातीच्या चुली म्हणतात ते इथे पानोपानी आहे. आणि ज्या पौलाने बापांना बजावलं तोच रोमकरांच्या पत्रात कबूल करतो की जे करू नये म्हणतो नेमकं तेच माझ्या हातून होतं.

इथे मला आपल्या मराठीतलंच एक पुस्तक आठवलं, लक्ष्मीबाई टिळकांचं 'स्मृतिचित्रे'. डी.एड.ला असताना एका सरांनी वाचायला लावलं होतं. लक्ष्मीबाईंच्या वडिलांना सोवळ्याचं इतकं वेड, की त्यापायी सगळं घर जेरीस आलेलं. पुढे नवरा मिळाला तो रेव्हरंड ना. वा. टिळक. मोठा कवी, मोठ्या मनाचा, आणि तितकाच तापट व लहरी. १८९५ मध्ये टिळक ख्रिस्ती झाले तेव्हा लक्ष्मीबाई लहानग्या दत्तूला घेऊन माहेरच्या माणसांत राहिल्या, काही वर्षांनी स्वतःच्या विचाराने त्यांच्याकडे गेल्या आणि ख्रिस्ती झाल्या. एवढं सोसलेली बाई किती कडवट लिहील? पण त्या वडिलांचं वेडही सांगतात, नवऱ्याचा संतापही सांगतात, स्वतःची फजितीही तितक्याच मोकळेपणाने सांगतात, आणि आपण हसत हसत वाचतो. दोष लपवलेला नाही, आणि माणूस टाकूनही दिलेला नाही. मला वाटतं, आपल्या घरातल्या मोठ्या माणसांबद्दल असं बोलता आलं पाहिजे. आपली मुलं उद्या आपल्याबद्दल बोलणारच आहेत.

असो. वाचन झालं, पण मुलगा शाळेत नव्हता. चौथ्या दिवशी मत्तयाचा पाचवा अध्याय वाचत होतो. तिथे असं आहे, की तू वेदीपाशी अर्पण घेऊन आलास आणि तिथे आठवलं की आपल्या भावाच्या मनात आपल्याविषयी काही आहे, तर अर्पण तिथेच ठेव, आधी जाऊन त्याच्याशी समेट कर. मी तीन दिवस परिपाठात मुलांबरोबर हात जोडून प्रार्थना म्हणत होतो. पुस्तक मिटलं आणि शाळा सुटल्यावर त्याच्या घरी गेलो.

आजी चुलीपाशी होती. मुलगा मला बघून कणगीआड गेला. मी सांगितलं की पैसे सापडले, त्याने घेतले नव्हते, माझं चुकलं. आजी म्हणाली, "आवं सर, त्यात काय यवढं. मास्तरनं मारल्याबिगर लेकरू शिकतंय व्हय? अजून दोन हाना." तिने मला चहा दिला. मला सुटल्यासारखं वाटलं. तेवढ्यात आजीनेच मोबाइल लावला आणि लेकीला म्हणाली, सर आलेत, बोल.

पलीकडे अंधारात गाडी भरणं चाललं असावं, माणसांचे आवाज येत होते. त्याच्या आईने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "माझ्या लेकरानं घेतले व्हते का?"

"नाही."

"चोर कुठं म्हनले तुमी त्याला? घरी का शाळंत?"

"शाळेत."

"मग शाळंतच सांगा, सगळ्यायसमोर. घरी कामून आले?"

मला उत्तर देता आलं नाही. तिला कदाचित दोन ओळी लिहितासुद्धा येत नसतील. मी चार दिवस ग्रंथ चाळत होतो आणि जे मला सापडलं नव्हतं ते तिने कारखान्याच्या फडातून एका वाक्यात सांगितलं. कुणीही बघत नसलेल्या जागी माफी मागायला मी आलो होतो. दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ आणि आपल्या डोळ्यातलं मुसळ हे बायबलच्या मराठी भाषांतरातही आहे, मत्तयाच्या सातव्या अध्यायात. ते मी आदल्याच रात्री वाचलं होतं, आणि मला वाटलं होतं की ते मला कळलं.

दुसऱ्या दिवशी तो आजीच्या मागे मागे आला. परिपाठ झाल्यावर मी वर्गासमोर उभा राहिलो आणि सांगितलं : याने पैसे घेतले नव्हते. मी न बघता त्याला चोर म्हणालो आणि मारलं. चूक माझी आहे. मला माफ कर. बोलायला अर्धा मिनिट लागला असेल, पण माझे पाय कापत होते. वर्ग गप्प. मग मागच्या बाकावरची एक पोरगी म्हणाली, "सर, मग तुम्हाला कोण मारणार?" सगळी पोरं हसली, मीही हसलो. तो हसला नाही. तो पाटीवर रेघा ओढत होता.

असं वाटलं होतं की माफी मागितली की तो पहिल्यासारखा होईल. नाही झाला. महिनाभर तो मी विचारलेल्या प्रश्नाला फक्त मान हलवायचा. मित्र म्हणाला, "तू मागितलीस, आता त्याला द्यायला वेळ दे. त्याच्यावर उधारी नाही ती." घरी मात्र एक झालं. मुलाला मी ग्लासाबद्दल पुन्हा विचारलं नाही, फक्त लहानपणी मी फोडलेल्या कंदिलाची गोष्ट सांगितली. ती संपली तेव्हा तो म्हणाला, "ग्लास मीच फोडला होता."

आणि मी सुधारलो म्हणावं तर जानेवारीत पाढ्यांवरून एका मुलावर असा ओरडलो की शेजारच्या वर्गातल्या बाई दारात येऊन उभ्या राहिल्या. मारलं नाही, पण आवाज तोच होता. खडू ठेवला, बाहेर हापशावर जाऊन पाणी प्यालो, परत येऊन त्या मुलाजवळ बसलो आणि नऊचा पाढा त्याच्याबरोबर म्हटला.

पाडव्याच्या आसपास टोळ्या परतल्या. त्या मुलाची आई एके दिवशी शाळेत आली. उन्हाने काळवंडलेली, हाताला कापडाच्या चिंध्या बांधलेल्या. नोव्हेंबरच्या फोनबद्दल ती एक शब्द बोलली नाही. दाराबाहेरच उभी राहून तिने विचारलं, "सर, ह्याला वाचता येतं का आता?" मी पुस्तक त्याच्या हातात दिलं. त्याने धडा काढला आणि आईकडे तोंड करून वाचायला लागला. जोडाक्षरापाशी तो अडला. मी सांगायला तोंड उघडलं, तर त्याने माझ्याकडे बघून हाताने 'थांबा' अशी खूण केली. मी थांबलो.