शिळा पाव आणि सासूबाईंचा प्रश्न

एअर फ्रायर ही वस्तू आता पुण्या-मुंबईपुरती राहिलेली नाही. आमच्या नगरच्या दुकानांतही ती मिक्सरच्या शेजारी मांडलेली दिसते. (२०२४ साली जिल्ह्याचे नाव अहिल्यानगर झाले, पण साठी ओलांडलेल्या माझ्या जिभेवर अजून नगरच येते.) आमच्या घरी ती मुलाने दिवाळीत आणली. डॉक्टरांनी मला तळलेले बंद सांगितले होते, तेव्हा त्या पेटीचा रोख कोणाकडे आहे हे मी लगेच ओळखले. पहिले पंधरा दिवस तिच्यावर टॉवेल झाकून ठेवला होता. मग पापड, बटाट्याच्या फोडी, सुके बोंबील असे करत करत हात बसला. बोंबील भाजताना खिडक्या उघड्या ठेवाव्यात, एवढे शेजारधर्म म्हणून सांगून ठेवते.

नावात 'फ्रायर' असले तरी ही पेटी तळत नाही. वरच्या बाजूला विजेवर तापणारी तार असते, तिच्याजवळ पंखा असतो, आणि तो पंखा गरम हवा जाळीच्या टोपलीभोवती जोराने फिरवत राहतो. म्हणजे बेकरीच्या भट्टीचे हे एक धाकटे आणि घाईचे भावंड! फिलिप्स कंपनीने २०१० साली बर्लिनच्या प्रदर्शनात ती पहिल्यांदा लोकांपुढे ठेवली. तिच्यात भजी होत नाहीत, कारण पातळ पीठ टोपलीच्या भोकांतून खाली गळते. ज्या पदार्थाला स्वतःचे अंग आहे, तोच तिच्यात नीट होतो. पावाला असे अंग आहे.

मे महिन्याच्या सुट्टीत नात आली. चौथीची परीक्षा देऊन पाचवीत गेलेली. तिच्यासाठी म्हणून पावाचा पुडा आणला होता, त्यातले सहा तुकडे उरले आणि आमच्याकडच्या कोरड्या उन्हाळ्यात चार दिवसांत ताठ झाले. सून ते टाकायला निघाली, तेवढ्यात नात म्हणाली, "आजी, आपण फ्रेंच टोस्ट स्टिक्स करू या. मला येतात." मी म्हटले, करून दाखव. तिने केल्या त्या मी नंतर चार-पाच वेळा केल्या, म्हणून कृती भरवशाने देते.

जाड कापलेल्या पावाचे सहा तुकडे घ्यावेत आणि प्रत्येकाच्या तीन उभ्या कांड्या कराव्यात. दोन अंडी, अर्धा कप दूध, दोन चमचे गुळाची पूड, थोडी वेलची आणि चिमूटभर मीठ एकत्र फेटावे. कांडी त्यात एका बाजूने पाच आकडे मोजेपर्यंत, दुसऱ्या बाजूने तेवढीच बुडवावी आणि उचलून वाटीच्या कडेवर निथळू द्यावी. हे निथळणे महत्त्वाचे आहे. पृष्ठभागावर पाणी आहे तोवर तो शंभर अंशांच्या फारसा वर जात नाही, आणि तांबूस रंग यायला त्याहून बरीच जास्त आच लागते. दुधा-अंड्यातली प्रथिने आणि साखर यांची गाठ पडून तो रंग आणि तो खमंग वास तयार होतो. माइयार नावाच्या फ्रेंच शास्त्रज्ञाने १९१२ साली ही क्रिया मांडली. आपल्या आया-आज्या भाकरीचा पोपडा पाहून ती ओळखत होत्याच.

पेटी १८० अंशांवर तीन मिनिटे रिकामीच तापवावी. टोपलीला तेलाचे बोट फिरवून कांड्या एकमेकींना न चिकटवता एका थरात मांडाव्यात. पाच मिनिटांनी उलटवाव्यात, पुढे तीन-चार मिनिटांत होतात. एकावर एक रचून वेळ वाचवू पाहिला, तर मधल्या कांड्या भिजलेल्याच राहतात.

पाव शिळाच का हवा? आपण समजतो की पाव वाळतो म्हणून ताठ होतो. पण बुसँगो या फ्रेंच रसायनतज्ज्ञाने १८५२ सालीच दाखवून दिले, की पाणी उडू दिले नाही तरी पाव शिळा होतो. भाजताना मऊ झालेला पिष्टाचा भाग थंड होता होता पुन्हा घट्ट होत जातो, हे त्याचे मुख्य कारण. फ्रिजमध्ये ठेवला तर हे काम आणखी लवकर होते. हाच ताठपणा इथे उपयोगी पडतो. ताजा पाव दुधात टाकला की विरघळून हातात येतो. शिळा पाव दूध पितो आणि उभा राहतो. घरात ताजाच असेल तर कांड्या आधी १५० अंशांवर तीन मिनिटे सुकवून घ्याव्यात. मात्र पावावर हिरवा-पांढरा बुरशीचा ठिपका दिसला, तर तो तुकडा खरवडून वापरू नये, सगळा पुडा टाकावा. शिळे वेगळे आणि नासलेले वेगळे.

खरे सांगायचे तर हाच पदार्थ तव्यावर लोण्यात केला तर चवीला उजवा होतो. पेटीचा फायदा इतकाच, की दहा वर्षांच्या मुलीला गॅसजवळ आणि तापलेल्या तेलाजवळ उभे न करता स्वतःच्या हाताने काही करता येते. गरम टोपली बाहेर काढताना मोठ्याने जवळ असावे. पेटी पंधराशे वॅटची असेल तर दहा मिनिटांना पाव युनिट वीज जाते. तेल वाचते, पण गूळ कुठे जात नाही! तेव्हा "एअर फ्रायरचे आहे" म्हणून कोणी बारा कांड्या खाऊ नयेत.

आता खरी गोष्ट. पहिला घाणा निघाला तेव्हा नात ताटली घेऊन थेट सासूबाईंच्या खाटेपाशी गेली. सासूबाई अठ्ठ्याऐंशी वर्षांच्या आहेत. दात नाहीत, कान मात्र शाबूत. नात मोठ्या हौसेने म्हणाली, "पणजी, खाऊन बघ. शिळ्या पावाचं आहे, कळतसुद्धा नाही!"

पुढे आलेला हात थांबला. सासूबाईंनी विचारले, "कुणाच्या घरचा शिळा?"

नातीला प्रश्नच कळला नाही. मला कळला.

सासूबाईंचे माहेर शेवगाव तालुक्यातले. त्या लहान असताना गावात येसकर पाळी होती. ज्याच्या घरी पाळी असेल त्याने गावाची पडतील ती कामे करायची, आणि मोबदला म्हणून तिन्हीसांजेला घरोघर फिरून भाकरी मागायची. अंगणाच्या बाहेर उभे राहून हाक द्यायची. आतून येईल तेव्हा येईल, वरून टोपल्यात पडेल ते आपले. बापाबरोबर टोपले घेऊन जाण्याचे काम सासूबाईंकडे होते. सकाळची, कालची, परवाची अशी दहा घरच्या दहा रंगांची भाकरी त्यात जमायची. जास्त जमली तर तुकडे उन्हात वाळवून मडक्यात भरून ठेवायचे आणि पावसाळ्यात मीठ-मिरची घालून पाण्यात उकडायचे. आपल्याच जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यातील धामणगावचे दया पवार यांनी १९७८ साली 'बलुतं' लिहिले, तेव्हा शहरातल्या वाचकांना हे जग नवे वाटले. सासूबाईंना मी त्यातली काही पाने वाचून दाखवली होती. त्या म्हणाल्या, "ह्यात नवं काय हाये?"

मार्च १९२७ मध्ये महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी शिळे-उष्टे तुकडे मागणे आणि मेलेल्या जनावराचे मांस खाणे सोडा म्हणून सांगितले. पण गावोगावी ते सुटायला वेळ लागला. कारण भाकरी मागणे हा नुसता भुकेचा भाग नव्हता, ती वतनाची मजुरी होती. हे वतन कायद्याने गेले ते १९५८ च्या कायद्यानंतर. सासूबाईंच्या सासरी मात्र १९५६ च्या धर्मांतरानंतर टोपले बंद झाले ते झालेच. त्या वर्षी पीक यथातथाच होते, असे त्या सांगतात. रात्री एक भाकरी चौघांत व्हायची, पण ती स्वतःच्या तव्यावरची.

तेव्हापासून त्यांनी घरात एक नियम केला. शिळी भाकरी पानात घ्यायची नाही. मी १९८४ साली लग्न होऊन आले तेव्हा हा नियम मला फार चमत्कारिक वाटला. माझे वडील दौंडला रेल्वेत होते. आमच्या क्वार्टरमध्ये फोडणीची भाकरी म्हणजे रविवारची चैन. कांदा, शेंगदाणे, वरून लिंबू. इथे सासूबाई माणसे मोजून पीठ घ्यायच्या, आणि तरी एखादी भाकरी उरलीच तर ती म्हशीला. १९७२ च्या दुष्काळात त्यांनी खडी फोडली, परदेशातून आलेल्या तांबड्या मिलोच्या भाकरी खाल्ल्या, कामावर मिळणारी सुकडी पोरांना चारली. पण आदल्या रात्रीचा तुकडा सकाळी पोरांच्या हातात दिला नाही. शिक्षिका म्हणून मी वर्गात अन्नाची नासाडी करू नये असे शिकवत असे, आणि घरी येऊन म्हशीपुढची भाकरी पाहत असे. मला त्यात विसंगती दिसली नाही. नासाडी हा शब्द ज्याच्या घरात भरलेली कणगी आहे त्याने आधी शिकावा.

नातीला यातले किती कळेल म्हणून मी थोडक्यात सांगितले. ती थोडा वेळ गप्प राहिली आणि मग म्हणाली, "पणजी, हा पाव आपलाच आहे. बाबांनी पैसे देऊन आणलेला. आपल्याच घरात शिळा झाला." मग शाळेतल्या मुलीच्या उत्साहाने तिने सगळी माहिती सांगायला सुरुवात केली. फ्रान्समध्ये या पदार्थाला 'पँ पेर्द्यू' म्हणतात, म्हणजे हरवलेला पाव, वाया गेलेला पाव. जर्मनीत त्याला 'गरीब शिलेदार' असे नाव आहे. मीही भर घातली, की 'अपिसिअस' नावाच्या जुन्या रोमन पाककृतींच्या ग्रंथातसुद्धा पाव दुधात भिजवून, तळून, वर मध घालायला सांगितले आहे.

सासूबाईंना रोमशी काही देणेघेणे नव्हते. त्या शिलेदारापाशी अडल्या. "शिलेदार आन् गरीब? मंग मागाया जात व्हते का काय?"

"नाही गं. त्यांच्याकडे घोडा असायचा."

"घोडा हाये म्हंजी मागत नसतील," सासूबाई म्हणाल्या आणि त्यांनी एक कांडी उचलली. मऊ भागाचा तुकडा तोंडात ठेवला, चघळला, कड काढून ताटलीत ठेवली. मग दुसरी घेतली. म्हणाल्या, "अंड्याचा वास येतो जरा. येलची वाढव." पुढच्या वेळी नातीने वेलची वाढवली.

पावाच्या नशिबी या देशात शिळेपणापेक्षा शिवाशिव जास्त आली. दादोबा पांडुरंग यांनी १८४९ साली मुंबईत परमहंस सभा काढली. तिच्यात यायचे तर ख्रिस्ती माणसाने भाजलेला पाव खावा लागे आणि मुसलमानाने आणलेले पाणी प्यावे लागे. जात मोडल्याची खूण म्हणून एक पावाचा तुकडा! हे सगळे गुप्तपणे चाले, आणि १८६० च्या सुमारास सभासदांची नावे बाहेर फुटली तशी सभा मोडली. त्या मंडळींचे मला कौतुक आहे. पण त्यांना पाव खायला दार लावून घ्यावे लागे आणि त्याच काळात आमच्या माणसांना भाकरीसाठी दुसऱ्याच्या दारात उभे राहावे लागे, हे दोन्ही एकत्र आठवले की घास जरा हळू उतरतो.

नात पुण्याला परत गेली. कांड्या आमच्याकडे राहिल्या. बिनदाताच्या माणसाला हा पदार्थ सोयीचा आहे. बाहेरून भाजलेला, आत दुधाचा, आणि त्यात अंडेही पोटात जाते. सासूबाईंसाठी मी कडा आधीच कापून टाकते आणि एक मिनिट आधी काढते. आता पुड्यात पाव उरला की त्याच आठवण करतात, "ते शिलेदाराचं कर की."

मध्ये एकदा पेटीच्या पुस्तकातले तक्ते चाळताना मला सुचले, की बाजरीच्या उरलेल्या भाकरीचे तुकडे तेल-तिखट-मीठ चोळून १६० अंशांवर पाच-सहा मिनिटे ठेवले तर चहाबरोबर छान लागतील. शेजारणीने तिच्या घरी करून पाहिले, छान लागतात. कुरकुरीत होतात आणि डब्यात दोन दिवस टिकतात. ज्यांच्या घरी चालते त्यांनी जरूर करावेत.

आमच्या घरी अजून उरलेली भाकरी मागच्या गल्लीतल्या शेळ्यांना जाते. सासूबाई रोज संध्याकाळी काठी टेकत दारापर्यंत येऊन ती गेली की नाही ते पाहतात.