वीतभर अंतराचं स्टेशन

सारागोसाहून निघालेली आमची चिमुकली गाडी डोंगर चढून एका साध्याशा फलाटावर थांबली. उतरलो, मान वळवली आणि बॅग हातातच राहिली. समोर राजवाडा! लांबी २४१ मीटर, खिडक्या ३६५, म्हणजे वर्षाच्या दर दिवसाला एक. पिरेनीज पर्वतात, फ्रान्सच्या वेशीवरचं स्पेनमधलं हे कानफ्रांक. वस्ती जेमतेम पाच-सहाशे. एवढ्याशा गावाला एवढं स्टेशन कशाला?

उत्तर रुळांत सापडलं. स्पेनचे रूळ फ्रान्सच्या रुळांपेक्षा सुमारे २३ सेंटिमीटरनी रुंद. बरोबर एक वीत! त्यामुळे इकडची गाडी तिकडे जाणं अशक्य. प्रत्येक उतारू, प्रत्येक पोतं इथं उतरवून पलीकडच्या गाडीत चढवायचं. मिरजेला मीटरगेज-नॅरोगेजची अदलाबदल केलेल्यांना ही धांदल ओळखीची वाटेल. पण मिरजेला मधे परदेश नव्हता. इथं दोन देशांचे पोलीस, दोन देशांचं कस्टम, वर हॉटेल, सगळं एकाच छपराखाली. १८ जुलै १९२८ रोजी स्पेनचा राजा तेरावा आल्फोन्सो आणि फ्रान्सचे अध्यक्ष दूमेर्ग यांनी थाटात उद्घाटन केलं.

उतारूंनी मात्र हा थाट कधी मनावर घेतला नाही. गर्दी झाली ती दुसऱ्या महायुद्धात, आणि तीही भलतीच. नाझींचं सोनं इकडे यायचं, स्पेन-पोर्तुगालचं टंगस्टन तिकडे जायचं. त्याच फलाटांवरून जीव मुठीत घेऊन पळालेले ज्यूही निसटले. त्यांना हात देणाऱ्यांत होते फ्रेंच कस्टमचे प्रमुख आल्बेर ल ले. जर्मनांच्या नाकासमोर!

घात झाला तो २७ मार्च १९७० रोजी, फ्रान्सच्या हद्दीत. मक्याने लादलेली मालगाडी उतारावर मागे घसरली, रुळांवरून उतरली आणि पूलच घेऊन खाली गेली. फ्रान्सने पूल पुन्हा बांधला नाही. बोगदा शाबूत, स्टेशन शाबूत, आणि पलीकडे जायला वाट नाही. मग पुढची काही दशकं छपरातून पाऊस गळत राहिला, रुळांत झुडपं उगवत राहिली.

२०२३ पासून इथं आलिशान हॉटेल आहे. जिथं सामान उघडून दाखवायला रांगा लागत, तिथं आता लोक निवांत कॉफी पितात. मीही प्यालो. उठताना सहज टेबलावर हात पसरला. अंगठ्यापासून करंगळीपर्यंत, एक वीत. एवढ्याशा अंतरावर हा राजवाडा उभा राहिला होता.