सही नाकारणाऱ्याच्या मागे कोण?

कॉलमच्या रिंगेचं टोक किती वाकवायचं, यावरून साइटवर हमखास वाद होतो. फिटर सवयीने ९० अंशांत वाकवतो, काम भराभर उरकतं. भूकंपरोधक बांधकामाचं भारतीय मानक, आयएस १३९२०, मागतं १३५ अंश, म्हणजे टोक आत गाभ्यातल्या काँक्रीटमध्ये रुतलं पाहिजे. भूकंपात बाहेरचं कव्हर निखळलं की ९०ची रिंग उघडते, उभ्या सळया फाकतात आणि कॉलम बसतो. काँक्रीट ओतल्यावर यातलं काहीच दिसत नाही. म्हणून ओतण्याआधी कोणीतरी उकिडवं बसून, बॅटरीच्या उजेडात एकेक रिंग बघायची असते, आणि वेळ पडली तर सांगायचं असतं, "आज काँक्रीट होणार नाही."

हे सांगायचं बळ कुठून आणायचं? आम्हा स्ट्रक्चरल कन्सल्टंटची फी बिल्डरच देतो. एकाने मला तोंडावर ऐकवलं होतं, "तुम्ही नाही केली तर सही करणारे पुष्कळ आहेत, साहेब." ते खरं होतं, आणि तेच मला अजून सलतं.

इतर व्यवसायांत हे बळ कायदा देतो. वकिलांना १९६१चा कायदा आहे. बार कौन्सिल सनद देते, तशी काढूनही घेते. सीएंना १९४९चा कायदा आहे, आर्किटेक्टना १९७२चा. इंजिनिअरांसाठी देशभर लागू असा कायदाच नाही. पालिकेचं लायसन्स असतं, पण ते त्या हद्दीपुरतं. १९२०ची इन्स्टिट्यूशन ऑफ इंजिनिअर्स आहे. तिच्या एएमआयई परीक्षेने नोकरी सांभाळून शिकणाऱ्या कितीतरी जणांना इंजिनिअर केलं, याबद्दल मला मनापासून आदर आहे. पण तिचं सभासदत्व नसल्याने कोणाची प्रॅक्टिस अडत नाही. कॅनडात इंजिनिअरांसाठी प्रांतोप्रांती कायदा आहे. तिथे निष्काळजीपणे शिक्का मारणाऱ्याचा परवाना जाऊ शकतो.

१५ सप्टेंबरला, अभियंता दिनी, आपण विश्वेश्वरय्यांच्या फोटोला हार घालतो आणि इंजिनिअरला मान राहिला नाही म्हणून हळहळतो. हळहळ खरी आहे. पण नावाआधी 'इंजि.' लावून तो मान परत येणार नाही.

माझ्या व्यवसायबंधूंना एकच विनंती आहे. आपापल्या असोसिएशनच्या पुढच्या सर्वसाधारण सभेत ठराव मांडा: सही नाकारणाऱ्या सभासदाच्या पाठीशी संघटना लेखी उभी राहील, आणि साइट न बघता सही करणाऱ्याला चौकशी करून काढून टाकेल. कायदा व्हायचा तेव्हा होईल. या ठरावाला सरकारची परवानगी लागत नाही.