मरियमचा मुलगा

हजरत ईसा अलैहिस्सलाम यांना पैगंबर मानल्याशिवाय मुसलमानाचं ईमान पुरं होत नाही. वसईच्या शाळेत शिकवायला लागल्यावर हे ख्रिस्ती सहकाऱ्यांना सांगितलं, की बऱ्याच जणांना नवल वाटायचं. कुराणात एकाच स्त्रीचं नाव येतं आणि ते बीबी मरियमचं, हे कळल्यावर आमच्या इतिहासाच्या बाईंनी मराठी कुराण मागवूनच घेतलं.

मरियमच्या नावाचा एकोणिसावा अध्याय त्यांनी मधल्या सुट्टीत वाचला. मी शेजारी बसले होते. त्यात गोठा नाही, गव्हाण नाही, मेंढपाळ नाहीत. मरियम एकटी, घरापासून लांब, खजुराच्या बुंध्याशी. कळा अशा, की आपण याआधीच मेलो असतो तर बरं, असं तिला होतं. मग पायाशी झरा लागतो, बुंधा हलवला की पिकलेले खजूर पडतात. बाईंनी मान वर करून विचारलं, "आणि योसेफ कुठाय?" मरियमचा पती योसेफ कुराणात नाहीच. बाळाला घेऊन आलेल्या मरियमला लोक बोल लावतात तेव्हा पाळण्यातलं बाळच बोलतं, आणि आधी सांगतं ते हे, की मी अल्लाहचा बंदा आहे.

बाई इथे थांबल्या. त्यांच्यासाठी ईसा, म्हणजे येशू, देवपुत्र.

आमच्याकडे सर्रास म्हणतात, की ख्रिस्ती लोक देवाला बायको-पोरं चिकटवतात. हे मी सांगितलं तेव्हा बाई दुखावल्या. "देवाला बायको आम्ही कधी म्हटली हो?" चर्चमध्ये दर रविवारी म्हणतात तो श्रद्धेचा अंगीकार त्यांनी मला समजावून दिला. त्याचा पाया ३२५ साली निकेयाच्या धर्मसभेत घातला गेला. ते गाव म्हणजे आजच्या तुर्कस्तानातलं इझनिक. पुत्र पित्यापासून आहे, पण पित्याने घडवलेला नाही, असं त्या सभेने ठरवलं. शरीराच्या जन्माचा तिथे संबंधच नाही. पुत्र निर्माण केलेला आहे म्हणणाऱ्या आरियसला सभेने धिक्कारलं. (आपल्यातले काही जण या आरियसला जवळचा मानतात. मला ते पटत नाही. जग पुत्राच्या द्वारे निर्माण झालं, असं तोही मानायचा.)

बाईंचं म्हणणं मला कळलं, पण मी ते मानू शकत नाही. अल्लाहने कुणाला जन्म दिला नाही, त्याला कुणी दिला नाही, हे मी नमाजात म्हणते ते मनापासून. बापाशिवाय जन्म हा चमत्कार खराच. पण आदमला तर आईही नव्हती, आणि हा दाखला खुद्द कुराणानेच दिला आहे.

बाई म्हणाल्या, "पण बाई, आमचा देव आमच्यासाठी माणूस झाला, उपाशी राहिला, रडला. तुमचा देव लांब नाही का वाटत?" मला नाही वाटत. तो आपल्या मानेच्या शिरेहून जवळ आहे, असं आम्ही मानतो. त्यासाठी त्याला जन्म घ्यावा लागत नाही. तरी त्यांचा प्रश्न खरा होता. त्यांच्या श्रद्धेचं मर्म त्यात आहे, आणि देवाला बायको चिकटवल्याचा आरोप करणाऱ्याला ते कधीच दिसणार नाही.

माझ्या मुसलमान वाचकांना एवढंच सांगणं आहे: देवपुत्र ही कल्पना जरूर नाकारा, मीही नाकारते, पण आधी एखाद्या श्रद्धावान ख्रिस्ती माणसाकडून ती नीट समजून घ्या, आणि त्यालाही मरियमचा अध्याय वाचायला द्या.